गोणपाटावरचा सूर्य

काही वर्षांपूर्वी उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील महिलांसाठी एक दिवसाची तपसाधना आयोजित केली होती. मार्गदर्शनासाठी आलेल्या सिस्टरांनी दक्षिण अमेरिकेत बरीच वर्षे सेवा केली होती. सकाळच्या सत्रात क्रूसाच्या वाटेवरील सहाव्या स्थानाविषयी त्या बोलल्या. व्हेरोनिकेने गर्दीतून पुढे होऊन प्रभूचा रक्ताने आणि घामाने माखलेला चेहरा आपल्या वस्त्राने पुसला व त्या वस्त्रावर त्याची मुद्रा उमटली, ही परंपरा आपणा सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. सिस्टर म्हणाल्या, "शिपायांना अडवणे तिच्या हाती नव्हते. क्रूस काढून घेणेही तिच्या हाती नव्हते. तिच्या हाती एक फडके होते." एवढे बोलून त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कापडाचा एक तुकडा काढला आणि आमच्यापुढे टेबलावर पसरला.

हातभर लांबीचे ते गोणपाट होते. त्याच्या चारी कडा लाल लोकरीने गुंफून घेतल्या होत्या. वरच्या बाजूला निळ्या-करड्या कापडाचे डोंगर, डोंगरांवर पांढऱ्या चिंध्यांचे बर्फ आणि कोपऱ्यात पिवळ्या फडक्याचा वाटोळा सूर्य. खाली रंगीबेरंगी घरांची रांग. घरांपुढे बोटभर उंचीच्या सात-आठ बाहुल्या, खऱ्या कापडाचे झगे घातलेल्या, काळ्या लोकरीचे केस असलेल्या. लहान मुलीने भातुकलीसाठी करावे तसे ते काम होते. आमच्यापैकी एकीने कौतुकाने म्हटलेही, "किती गोड आहे!" मग सिस्टरांनी त्या बाहुल्यांच्या हातातील चिमुकल्या फलकावर बोट ठेवले. त्यावर काळ्या दोऱ्याने दोनच शब्द शिवले होते : दोंदे एस्तान? म्हणजे, ते कुठे आहेत?

तुकडा उलटा केला तेव्हा मागे एक लहानसा खिसा शिवलेला दिसला. त्यात घडी घातलेला कागद होता. शिवणाऱ्या बाईने आपले नाव न सांगता, हे चित्र कशाचे आहे ते दोन-चार ओळींत लिहिले होते. चिली देशातील एका धर्मभगिनीने सिस्टरांना ते भेट म्हणून दिले होते. तेथे या कापडी चित्रांना 'अर्पियेरा' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ गोणपाट, एवढाच.

तो फलक वाचून मला आमच्या आळीतील एका मावशींची आठवण झाली आणि त्या दिवशी पुढची प्रार्थना मला धड करता आली नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन. ते सांगण्यापूर्वी या गोणपाटाची हकीकत सांगितली पाहिजे. त्या दिवसानंतर मी ती जमेल तेथून वाचून काढली. आपल्या ख्रिस्तसभेच्या अलीकडच्या इतिहासातील ती एक उजळ कहाणी आहे आणि आपल्या मराठी वाचकांना ती फारशी परिचित नाही.

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या लष्कराने तेथील लोकनियुक्त सरकार उलथून टाकले. राजधानी सांतियागोतील राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर विमानांतून बाँब टाकण्यात आले आणि राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचा त्याच वास्तूत अंत झाला. सत्ता जनरल आउगुस्तो पिनोशे यांच्या हाती गेली व पुढे साडेसोळा वर्षे त्यांच्याकडेच राहिली. कामगार पुढारी, शेतमजूर, विद्यार्थी, शिक्षक यांना घरांतून, कारखान्यांतून, रस्त्यांवरून उचलून नेण्यात आले. काहींची प्रेते मिळाली. काही वर्षांनी का होईना, तुरुंगातून परतले. पण अनेकांच्या बाबतीत सरकारचे उत्तर एकच होते : असा कोणी मनुष्य आमच्या ताब्यात नाही. बायका फोटो घेऊन पोलीस ठाणी, इस्पितळे, शवागारे, न्यायालये पालथी घालीत. न्यायालये अर्ज फेटाळून लावीत. ज्याला नेताना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिले, तो माणूस कागदावर अटकेतही नव्हता आणि मेलेलाही नव्हता.

अशा वेळी ही माणसे कोणाच्या दारी जाणार? ती चर्चच्या दारी गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट आणि यहुदी धर्मपुढाऱ्यांनी मिळून पीडितांच्या साहाय्यासाठी एक समिती स्थापन केली. समितीचे वकील न्यायालयात अर्ज करीत, कार्यकर्ते कैद्यांच्या कुटुंबांना धान्य पुरवीत. सरकारला ही समिती सलू लागली. १९७५ च्या अखेरीस पिनोशे यांनी सांतियागोचे महागुरू कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांना पत्र लिहून ती बंद करावयास लावली. कार्डिनलनी समिती बंद केली आणि १९७६ च्या जानेवारीत आपल्याच धर्मप्रांताचा अधिकृत विभाग म्हणून एक नवी संस्था उभी केली. तिचे नाव 'विकारिया दे ला सोलिदारिदाद', म्हणजे बंधुभावाचे धर्मकार्यालय. तिची कचेरी मुख्य चौकात कॅथेड्रलला लागूनच होती. आता ती बंद करायची तर सरकारला प्रत्यक्ष ख्रिस्तसभेवर हात टाकावा लागला असता. सलेशियन संघात वाढलेल्या त्या वृद्ध धर्मगुरूचा हा निर्णय वाचताना सुवार्तेतील तो उपदेश आठवतो, ज्यात प्रभू आपल्या शिष्यांना कबुतराच्या निष्पापपणाबरोबर सापाचे चातुर्यही बाळगायला सांगतो.

शिवणकामाची सुरुवात मात्र निषेधासाठी झाली नाही. ती झाली भुकेसाठी. १९७४ च्या सुमारास समितीकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी कोणाचा नवरा बेपत्ता, कोणाचा मुलगा, तर कोणाच्या घरचा कर्ता राजकीय कारणावरून नोकरीतून काढून टाकलेला. आयुष्यात त्यांनी घराबाहेर कधी कमावले नव्हते. त्यांच्या हातांना येत होते ते एवढेच : शिवणे, विणणे, ठिगळ लावणे. चिलीत कापडी चित्रांची परंपरा होती. सांतियागोपासून काही अंतरावरील इस्ला नेग्रा या समुद्रकाठच्या खेड्यातील बायका रंगीत लोकरीने गावातील देखावे भरीत. व्हायोलेता पारा या लोकगायिकेने गोणपाटावर भरलेली चित्रे तर १९६४ साली पॅरिसला लूव्र प्रासादातील संग्रहालयात मांडली गेली होती. त्या आधारावर चर्चच्या कार्यकर्त्यांनी या स्त्रियांचे लहान लहान गट केले. लोकर महाग होती. चिंध्या फुकट होत्या. पिठाचे रिकामे पोते धुऊन, कापून त्याचा पाया करायचा आणि त्यावर जुन्या कपड्यांच्या तुकड्यांनी चित्र शिवायचे, अशी रीत पडली.

चित्र कशाचे काढायचे, हे कोणी वरून ठरवले नाही. ज्या बाईला रात्री झोप येत नव्हती तिने त्या रात्रीचेच चित्र काढले : दारात उभी असलेली मोटार, ओढून नेला जाणारा माणूस, खिडकीतून पाहणारी मुले. दुसरीने नवऱ्याच्या कारखान्याचे बंद दार शिवले आणि त्यावर फुली मारली. तिसरीने वस्तीतील एकमेव नळाभोवतीची रांग शिवली. 'ओया कोमून', म्हणजे सामायिक हंडी, हा तर अनेकींचा विषय होता. पाच-पन्नास घरांनी मिळेल ते एकत्र करून चर्चच्या आवारात एकाच मोठ्या भांड्यात शिजवायचे आणि आधी मुलांना वाढायचे. त्या हंड्याच्या जागी कोणी कोणी खरोखरीची छोटी टोपणे शिवली आहेत.

या स्त्रिया दर आठवड्याला चर्चच्या एखाद्या खोलीत जमत. एकीचे अडले की दुसरी हात देई. कोणाचा सूर्य चांगला झाला, कोणाचे डोंगर. शिवून झालेली चित्रे गटापुढे मांडली जात, त्यांवर चर्चा होई, कच्चे काम उसवून पुन्हा करावे लागे. 'विकारिया' ती विकत घेई आणि परदेशी पाठवी. हाती पडणारे पैसे थोडे असत, परंतु त्यात घरची चूल पेटे. चित्रांवर बहुधा कोणाचेच नाव नसे. त्याला कारण भीती हे होतेच. पण एकीने डोंगर सुचवले, दुसरीने कापड दिले, तिसरीने बाहुलीला हात लावून दिले, अशा चित्रावर नाव तरी कोणाचे घालणार?

मला या ठिकाणी माझ्या आजीची गोधडी आठवते. पावसाळा संपून उन्हे पडली की दुपारची जेवणे आटोपून आळीतल्या चार बायका आमच्या पडवीत येत. आजीचे जुने लाल लुगडे, आजोबांचे विरलेले धोतर, आमचे आखूड झालेले कपडे एकावर एक पसरले जात आणि चार बाजूंनी चौघी टाके घालीत आत येत. टाके घालताना त्या जे बोलत ते एरवी कधी बोलत नसत. मान खाली, डोळे सुईवर. एकमेकींच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही म्हणूनच कदाचित तोंडून शब्द निघत असतील. सुनेचा जाच, मेलेले मूल, नवऱ्याची दारू, सारे त्या गोधडीत जाई. सांतियागोच्या त्या खोल्यांतही हेच झाले. बाहेर हेरांच्या भीतीने शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता. आत, सुई हातात असताना, बायका बोलू लागल्या. आपल्यासारखेच आणखी कोणाचे तरी झाले आहे, हे कळणे हीच पहिली मुक्ती होती.

सरकारला सुरुवातीस या चिंध्यांचे काही वाटले नाही. बायकांचे हस्तकाम, बाहुल्या, सूर्य, डोंगर! पण ती चित्रे युरोप-अमेरिकेतील घरांच्या, चर्चच्या सभागृहांच्या भिंतींवर लागली आणि खिशातील चिठ्ठ्या वाचल्या जाऊ लागल्या. मग मात्र सत्तेच्या बाजूच्या वृत्तपत्रांनी ही देशाची बदनामी असल्याचे जाहीर केले. चिलीत ती उघड मांडणे धोक्याचे झाले. पाठवलेली पार्सले जप्त होऊ लागली. सुईदोऱ्याला सत्ता भिते, हे वाचून प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की वृत्तपत्रांवर बंदी घालता येते, पुस्तके जाळता येतात. पण आजीने नातवंडासाठी जपून ठेवलेल्या चिंध्यांच्या गाठोड्यावर बंदी कशी घालणार?

सुईबरोबर इतरही वाटा निघाल्या. १९७८ साली ८ मार्चच्या महिलादिनी बेपत्ता व्यक्तींच्या नातलग स्त्रियांनी सांतियागोच्या एका मोठ्या नाट्यगृहात 'क्वेका' हा तेथील राष्ट्रीय नाच सादर केला. हा नाच स्त्री-पुरुषाच्या जोडीने, हातात रुमाल घेऊन करावयाचा असतो. त्या दिवशी एक एक स्त्री छातीवर फोटो लावून एकटीच नाचली. जोडीदाराची जागा रिकामी राहिली आणि ती रिकामी जागा सर्वांना दिसली. १९७९ च्या एप्रिलमध्ये अशाच स्त्रियांनी बंद पडलेल्या संसदभवनाच्या लोखंडी कठड्याला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले. काही दिवसांनी ते दृश्यही गोणपाटावर आले : छोट्या बाहुल्या, छोट्या साखळ्या आणि वर नेहमीचा सूर्य.

या सगळ्यात ख्रिस्तसभेला किंमत मोजावी लागली. १९८४ साली ला व्हिक्टोरिया या गरीब वस्तीत आपल्या खोलीत पवित्र ग्रंथ वाचीत बसलेले फ्रेंच धर्मगुरू आंद्रे जार्लां पोलिसांच्या गोळीने ठार झाले. गोळी लाकडी भिंतीतून आत आली. १९८५ च्या मार्चमध्ये 'विकारिया'त माहिती जमवण्याचे काम करणारे होसे मानुएल पारादा यांना पळवून नेऊन गळा चिरून ठार मारण्यात आले. त्यांच्या बरोबर आणखी दोघांचा तसाच अंत झाला. तरी कचेरीचे दार बंद झाले नाही. १९७८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांसाठीचे पारितोषिक देऊन 'विकारिया'चा गौरव केला. १९८८ च्या ऑक्टोबरात सार्वमत झाले, जनतेने पिनोशे यांना नकार दिला आणि १९९० च्या मार्चमध्ये लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष सत्तेवर आले. आपले काम संपले असे मानून १९९२ च्या अखेरीस 'विकारिया'ने आपले दार स्वतः बंद केले. तिच्याकडील अर्जांच्या व नोंदींच्या हजारो फायली पुढे चौकशी आयोगांना आणि न्यायालयांना उपयोगी पडल्या.

ही कहाणी मी उजळ म्हटले, तरी ती निर्मळ सोन्याची आहे असे मला भासवायचे नाही. शिवणाऱ्या सर्वच स्त्रिया लढाऊ नव्हत्या. कित्येकींना फक्त मुलांना दूध हवे होते आणि चित्राचा अर्थ त्यांना शिवता शिवता उमगला. काही नवऱ्यांना बायकोने घराबाहेर बसणे रुचत नसे. चर्चमधील लोकही कधी कधी भीतीपोटी सांगत की हे चित्र फार स्पष्ट आहे, जरा सौम्य करा. परदेशातील खरेदीदाराला काय आवडते, याचाही विचार होऊ लागला. आपल्या दुःखाला गिऱ्हाईक आहे, हे कळल्यावर मनुष्याच्या मनात काय काय येत असेल! पण मला वाटते, ही माणसे देवदूत नव्हती म्हणूनच त्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे. भीती बाळगून, पैशाची गरज बाळगून, एकमेकींशी भांडूनही त्या दर आठवड्याला त्या खोलीत येत राहिल्या.

एक प्रसंग मात्र माझ्या मनातून जात नाही. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये सांतियागोजवळच्या लोन्केन येथील चुन्याच्या जुन्या भट्ट्यांत पंधरा पुरुषांचे अवशेष सापडले. १९७३ च्या ऑक्टोबरात त्यांना पकडून नेले होते. आपली माणसे जिवंत असतील, या आशेवर पाच वर्षे काढलेल्या घरांना तो मोठा आघात होता. पुढच्या सप्टेंबरात अवशेष ताब्यात मिळणार, असे त्या कुटुंबांना कळले. राजधानीतील एका चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा ठरली. फुले आली, मेणबत्त्या लागल्या, माणसे जमली. शवपेट्या आल्याच नाहीत. अधिकाऱ्यांनी ते अवशेष परस्पर नेऊन गावच्या दफनभूमीत एकाच खड्ड्यात टाकले होते.

शवपेटीशिवाय वेदीपुढे बसलेली ती माणसे मला दिसतात आणि मग मला आमच्या मावशी दिसतात.

मावशींचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. १९८६ साली एका रात्री तो जहाजावरून नाहीसा झाला. कंपनीचे इंग्रजी पत्र आले, ते मीच त्यांना वाचून दाखवले होते. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते आणि सुट्टीच्या दिवशी धर्मग्रामाच्या कचेरीत मिस्साच्या नोंदी करण्यास मदत करीत असे. मुलाच्या वाढदिवशी मावशी मिस्सासाठी दान घेऊन येत. नोंदवहीत रकाने असत : मृतांसाठी, उपकारस्तुतीसाठी, आजाऱ्यांसाठी, विशेष हेतूसाठी. मावशी दर वर्षी म्हणत, "विशेष हेतू लिही." तीन-चार वर्षे अशी गेली. एका वर्षी, घाई होती, मागे रांग होती, मी मान वर न करता विचारले, "मावशी, आता मृतांसाठी म्हणून लिहू का?"

त्या काही बोलल्या नाहीत. मी वर पाहिले तेव्हा त्या पैसे पुन्हा रुमालात बांधीत होत्या. गाठ नीट बसत नव्हती, ती त्यांनी दोनदा बांधली आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर मी त्यांना टाळू लागले. त्यांच्या घरावरून जावे लागू नये म्हणून मी बावखलाकडच्या वाटेने चर्चला जाई. आळीतील इतरही त्यांना टाळतच होते. कोणी वाईट नव्हते. काय बोलावे, ते कोणाला कळत नव्हते. अशा बाईशी मुलाविषयी 'आहे' म्हणून बोलायचे की 'होता' म्हणून? व्याकरण अडले आणि वीस-पंचवीस वर्षे माणुसकी अडून राहिली.

तपसाधनेच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या दारी गेले. मावशी ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. मी क्षमा मागितली. त्यांना तो प्रसंग आठवत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. त्यांना तो तारखेनिशी आठवत होता. त्या म्हणाल्या, "तू विचारलेस ते बरोबरच होते. पण माझ्याच्याने उत्तर देववेना." मग त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. आत मुलाचे सदरे होते, घड्या घातलेले, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले.

माझ्या डोक्यात ती चिलीची गोष्ट भरली होती. बेपत्ता माणसांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे काही स्त्रियांनी चित्रांत शिवले होते, हे मी वाचले होते. मी उत्साहाने म्हटले, "मावशी, आपण या सदऱ्यांची गोधडी करू या का? आळीतल्या आणखी दोघी-तिघींना बोलावते."

त्यांनी ट्रंकेचे झाकण लावले. "अगं, तो आला तर घालील काय?"

मी पुन्हा चुकले होते. या वेळी घाईने नव्हे, चांगल्या हेतूने. सांतियागोच्या बायकांनी आपला नमुना आपण निवडला होता. मी माझा नमुना घेऊन दुसऱ्याच्या ट्रंकेपाशी गेले होते. दुःखिताजवळ जाताना काय करायचे ते आधी ठरवून जाऊ नये, हे मला त्या दिवशी कळले. मी उठू लागले तेव्हा मावशीच म्हणाल्या, "माझी लुगडी आहेत ना जुनी. त्यांची कर. आणि बोलाव कोणाला बोलवायचे ते."

त्या उन्हाळ्यात आम्ही पाचजणी मावशींच्या ओट्यावर बसलो. मावशींना सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो आम्ही ओवून देत असू. पहिले काही दिवस आंब्याच्या भावाविषयी आणि गुडघेदुखीविषयी बोलणे झाले. मग एका दुपारी, सुईवरची नजर न काढता, मावशींनी मुलाचे नाव घेतले आणि लहानपणी तो बावखलात कसा पडला होता ते सांगितले. दुसऱ्या एकीने आपल्या जन्मतःच गेलेल्या मुलीविषयी सांगितले. तिच्या सख्ख्या जावेलाही ते माहीत नव्हते. कोणी कोणाची समजूत घातली नाही. टाके चालू राहिले.

आमच्या ओट्याची आणि सांतियागोची तुलना होऊ शकत नाही, हे मी जाणते. तेथे माणसे सत्तेने नाहीशी केली होती आणि त्या स्त्रिया जीव धोक्यात घालून जाब विचारीत होत्या. आमच्या मावशींचा मुलगा समुद्राने नेला असेल. जाब विचारायला कोणी समोर नव्हते. पण ज्याला जाब विचारायचा तो डोळ्यांपुढे असो वा नसो, न्यायासाठी उभे राहण्याआधी कोणाच्या तरी शेजारी बसावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरातील तबीथा मरण पावते. पेत्र येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. त्या दुसरे काही मागत नाहीत. वस्त्रे पुढे धरतात, एवढेच. आणि पेत्र गुडघे टेकतो. पुढे काय झाले ते आपण जाणतो. पण त्या चमत्काराच्या आधी ही वस्त्रे आहेत, इकडे माझे लक्ष आयुष्यात प्रथमच गेले.

चिलीत तो प्रश्न आजही संपलेला नाही. हुकूमशाहीच्या काळात मारल्या गेलेल्या वा बेपत्ता झालेल्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींची तेथील शासनाने अधिकृत नोंद केली आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शासनाने बेपत्ता व्यक्तींच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली, तेव्हा ११६२ जणांचे काय झाले, त्यांचे देह कोठे आहेत, याचा पत्ता लागलेला नव्हता. सांतियागोत २०१० साली स्मृती व मानवी हक्क यांचे जे संग्रहालय उघडले, त्यात त्या अर्पियेरा जपून ठेवल्या आहेत. शिवणाऱ्यांपैकी बऱ्याचजणी आता देवाघरी गेल्या असतील. त्यांचा प्रश्न भिंतीवर तसाच आहे आणि त्यावरचा पिवळा सूर्यही तसाच आहे. एवढ्या काळोखात त्या सूर्य का शिवीत असतील, असा प्रश्न मी सिस्टरांना विचारला होता. त्या म्हणाल्या, "सूर्य रोज उगवत होता ना. त्यांनी पाहिले तेच शिवले."

मावशी २०१७ साली गेल्या. ती गोधडी त्यांच्या अंगावर होती. ट्रंक त्यांच्या भाचीकडे आहे आणि सदरे अजून घडीतच आहेत. त्यांच्या मुलाच्या वाढदिवशी आता मी मिस्सासाठी दान देते. कचेरीत नवीन मुलगी बसते, संगणकावर नोंद करते. रकाने तेच आहेत. पहिल्या वर्षी तिने मान वर न करता विचारले, "आंटी, मृतांसाठी?"

मी म्हटले, "नाही बाळ. विशेष हेतू लिही."